चॉकलेट ॲडव्हेंट कॅलेंडर

चॉकलेट ॲडव्हेंट कॅलेंडर ही नाताळपूर्व दिवस मोजण्यासाठी वापरली जाणारी खाद्ययुक्त दिनदर्शिका आहे. तिचे स्वरूप पुठ्ठ्याच्या चपट्या खोक्याचे असून त्यावर नाताळचे एखादे चित्र व चोवीस क्रमांकित कागदी दारे असतात. प्रत्येक दारामागील कप्प्यात चॉकलेटची एक लहान वडी ठेवलेली असते. १ डिसेंबरपासून २४ डिसेंबरपर्यंत रोज एक दार उघडून त्यामागची वडी खाण्याची रीत आहे. या दिनदर्शिकेचा उगम जर्मन भाषक प्रदेशातील प्रॉटेस्टंट कुटुंबांच्या घरगुती प्रथांमध्ये आढळतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचा प्रसार जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, ब्रिटन, स्कँडिनेव्हिया आणि उत्तर अमेरिका येथे मोठ्या प्रमाणावर झाला. आज ती धार्मिक वस्तूपेक्षा हंगामी मिठाई म्हणून अधिक ओळखली जाते.

नाव आणि कालगणना

‘ॲडव्हेंट’ हा शब्द ‘आगमन’ या अर्थाच्या लॅटिन ‘आदव्हेंतुस’ या शब्दावरून आला आहे. मराठी ख्रिस्ती उपासनेत या काळाला आगमनकाळ म्हणतात. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत हा काळ नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो. त्यामुळे त्याचा पहिला दिवस २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांपैकी कोणताही असू शकतो आणि त्याची लांबी दरवर्षी २२ ते २८ दिवसांच्या दरम्यान बदलते. छापील दिनदर्शिकेला हा बदल सोयीचा नव्हता. एकच नमुना दरवर्षी विकता यावा म्हणून १ ते २४ डिसेंबर ही ठरावीक मुदत रूढ झाली. म्हणजे चर्चचा आगमनकाळ आणि दिनदर्शिकेचा काळ हे बहुतेक वर्षी तंतोतंत जुळत नाहीत.

जर्मनीत भेटवस्तू २४ डिसेंबरच्या संध्याकाळी दिल्या जातात, म्हणून तेथील दिनदर्शिका चोविसाव्या दाराशी संपते. ब्रिटनमध्ये मुख्य सण २५ डिसेंबरला असल्याने तेथे काही दिनदर्शिकांना पंचविसावे दारही असते.

पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील प्रॉटेस्टंट घरांत नाताळची वाट पाहणाऱ्या मुलांसाठी दिवस मोजण्याच्या अनेक साध्या युक्त्या प्रचलित होत्या. दारावर किंवा भिंतीवर खडूच्या चोवीस रेघा ओढून रोज एक पुसायची, रोज एक धार्मिक चित्र भिंतीला लावायचे, किंवा बाळ येशूच्या गव्हाणीत रोज गवताची एक काडी ठेवायची, असे त्यांचे प्रकार होते. हॅम्बुर्ग येथील ‘राउहेस हाउस’ या अनाथ व निराधार मुलांच्या संस्थेत धर्मोपदेशक योहान हिनरिश विखर्न यांनी १८३९ मध्ये मेणबत्त्या लावलेले मोठे लाकडी चक्र टांगले व रोज एक मेणबत्ती वाढवत नेण्याची पद्धत सुरू केली. आजच्या चार मेणबत्त्यांच्या आगमन-चक्राचा उगम त्यात मानला जातो. टोमास मान यांच्या १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुडेनब्रोक्स’ या कादंबरीतही लहानगा हानो घरी तयार केलेल्या दिनदर्शिकेचे एकेक पान फाडत नाताळची वाट पाहतो. छापील दिनदर्शिका बाजारात येण्याआधी ही कल्पना मध्यमवर्गीय घरांत किती रुळली होती, हे त्यावरून दिसते.

छापील दिनदर्शिकेचा उदय

छापील ॲडव्हेंट दिनदर्शिकेचे श्रेय सामान्यतः म्युनिक येथील प्रकाशक गेरहार्ड लांग (१८८१–१९७४) यांना दिले जाते. लांग यांचा जन्म माउलब्रोन येथील. त्यांच्या लहानपणी आईने पुठ्ठ्यावर चोवीस चौकोन आखून प्रत्येकावर एक छोटे बिस्किट लावून दिले होते आणि रोज एकच खाण्याची परवानगी होती, असे सांगितले जाते. ही आठवण खरी मानली, तर गोड खाऊ हा या दिनदर्शिकेत नंतर घुसलेला घटक ठरत नाही. तो तिच्या मुळाशीच होता.

लांग यांच्या पहिल्या दिनदर्शिकेसाठी १९०३ ते १९०८ या दरम्यानची वेगवेगळी वर्षे दिली जातात. तिला दारे नव्हती. एका कागदावर चोवीस छोट्या कविता व दुसऱ्यावर चोवीस रंगीत चित्रे होती. मुलांनी रोज एक चित्र कापून कवितेवर चिकटवायचे होते. उघडझाप करता येणारी कागदी दारे १९२० च्या सुमारास आली आणि तोच प्रकार रूढ झाला. स्वीडनमध्ये १९३४ साली बालिकांच्या स्काउट संघटनेने आइना स्टेनबेर्ग मासओल्ले या चित्रकर्तीने रेखाटलेली पहिली स्वीडिश दिनदर्शिका काढली.

युद्धकाळ आणि पुनरुज्जीवन

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीतील कागदटंचाईमुळे व्यापारी दिनदर्शिकांचे उत्पादन जवळजवळ थांबले. नाझी पक्षाने मात्र ख्रिस्ती प्रतीके वगळून त्यांच्या जागी स्वतःची चिन्हे व लोककथा घातलेल्या ‘नाताळपूर्व’ दिनदर्शिका वितरित केल्या. मुलांच्या रोजच्या हाताळणीतली इतकी लहान वस्तूही प्रचाराचे साधन होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

युद्धानंतर श्टुटगार्ट येथील रिखार्ड झेल्मर यांनी १९४६ मध्ये अमेरिकी प्रशासनाकडून परवाना मिळवून ‘छोटे गाव’ या अर्थाच्या नावाची दिनदर्शिका प्रसिद्ध केली. उद्ध्वस्त शहरांच्या त्या काळात तिच्यावरील उजळ खिडक्यांच्या नांदत्या गावाचे चित्र लोकांना भावले. जर्मनीत तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांमुळे ही वस्तू अमेरिकेत पोहोचली. अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांच्या नातवंडांचे दिनदर्शिकेसह घेतलेले छायाचित्र १९५० च्या दशकात तेथील नियतकालिकांत छापले गेल्यावर तिला चांगलीच प्रसिद्धी मिळाली.

चॉकलेटचा प्रवेश

चॉकलेट भरता येईल असे पुठ्ठ्याचे घर लांग यांच्या प्रकाशनाने १९२० च्या दशकातच काढले होते. परंतु ते महाग होते व चॉकलेट ही तेव्हा सर्वसामान्यांच्या आवाक्यातील वस्तू नव्हती. चॉकलेट भरलेल्या दिनदर्शिकेचा खरा प्रसार १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून झाला. त्याला दोन गोष्टी कारणीभूत ठरल्या. युद्धोत्तर पश्चिम जर्मनीत लोकांची क्रयशक्ती वाढली, आणि उष्णतेने आकार देता येणाऱ्या पातळ प्लॅस्टिकचे तबक स्वस्तात तयार होऊ लागले. ब्रिटनमध्ये कॅडबरी कंपनीने पहिली ॲडव्हेंट दिनदर्शिका १९७१ मध्ये बाजारात आणली. तेथे या प्रकाराचा खप पुढील दोन दशकांत हळूहळू वाढला.

रचना आणि निर्मिती

दिनदर्शिकेचे तीन भाग असतात: छापील पुठ्ठ्याचे वेष्टन, खळगे असलेले प्लॅस्टिकचे तबक आणि खळग्यांवर बसवलेला पातळ पडदा. तबकच साचा म्हणूनही वापरले जाते. द्रवरूप चॉकलेट खळग्यांत ओतून तबक हलकेच थरथरवतात. त्यामुळे हवेचे बुडबुडे निघून जातात. मग ते थंड करून वेष्टनात सरकवले जाते. तारा, घंटा, घोडा, मेणबत्ती अशा आकृत्या खळग्याच्या तळाशी कोरलेल्या असतात व वडीच्या दर्शनी बाजूवर उमटतात.

चॉकलेट ओतण्यापूर्वी त्याचे नियंत्रित शीतन करणे आवश्यक असते. कोकोतील स्निग्धांश सहा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत गोठू शकतो. त्यांपैकी पाचवे रूप चकचकीत, कडक व तोंडात सहज विरघळणारे असून ते सुमारे ३४ अंश सेल्सिअसला वितळते. हे रूप मिळवण्यासाठी दुधाचे चॉकलेट साधारण ४५ अंशांपर्यंत तापवून २७ अंशांच्या आसपास थंड करतात व पुन्हा थोडे, २९ ते ३० अंशांपर्यंत गरम करतात. ही क्रिया नीट झाली नाही, किंवा तयार वडी नंतर उष्णतेत राहिली, तर पृष्ठभागावर पांढुरकी छटा येते. ती बुरशी नसून वर आलेला स्निग्धांश असतो. अशी वडी खाण्यास अपायकारक नसते. मात्र तिची चकाकी व पोत बिघडतो.

दारांचे क्रमांक बहुधा मुद्दाम विखुरलेले असतात, म्हणजे त्या दिवसाचा अंक शोधण्याचाही खेळ होतो. चोविसावे दार इतरांपेक्षा मोठे असते व त्यामागची वडीही अनेकदा मोठी असते.

आस्वाद आणि दर्जा

साध्या दिनदर्शिकेतील चॉकलेटचे एकूण वजन सुमारे ७५ ग्रॅम असते. म्हणजे एका वडीच्या वाट्याला साधारण ३ ग्रॅम येतात. दुधाच्या चॉकलेटच्या १०० ग्रॅममधून सुमारे ५३० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. त्या हिशेबाने रोजच्या वडीतून जेमतेम १६ किलोकॅलरी मिळतात. आहाराच्या दृष्टीने हे प्रमाण नगण्य आहे. एका बैठकीत सर्व कप्पे रिकामे केले, तर हीच बेरीज ४०० किलोकॅलरींच्या जवळ जाते.

नेहमीच्या चॉकलेटपेक्षा या वडीची चव काहींना वेगळी, थोडी फिकी वाटते. यामागे काही कारणे आहेत. वडी पातळ असल्याने ती जिभेवर लवकर विरघळते व कोकोचा स्वाद रेंगाळत नाही. कोकोतील स्निग्धांश भोवतालचा वास सहज शोषून घेतो. पुठ्ठ्याच्या सान्निध्यात अनेक आठवडे राहिलेल्या वडीला म्हणूनच कागदाचा पुसट वास येऊ शकतो. स्वस्त दिनदर्शिकांत साखरेचे प्रमाणही अधिक असते. चव नीट कळावी म्हणून वडी न चावता जिभेवर ठेवून विरघळू द्यावी, असे सुचवले जाते.

युरोपीय संघाच्या नियमांनुसार दुधाच्या चॉकलेटमध्ये कोकोचे शुष्क घटक किमान २५ टक्के व दुधाचे शुष्क घटक किमान १४ टक्के असावे लागतात. साध्या चॉकलेटमध्ये कोकोचे प्रमाण किमान ३५ टक्के असते. कोकोच्या स्निग्धांशाव्यतिरिक्त ठरावीक वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ ५ टक्क्यांपर्यंत चालतात. वेष्टनावरील घटकसूची वाचल्यास वडीचा दर्जा बऱ्याच अंशी कळू शकतो.

घरगुती प्रथा

जर्मनीत बहुतेक मुलांना ही दिनदर्शिका नोव्हेंबरच्या अखेरीस आईवडील किंवा आजीआजोबांकडून मिळते. सकाळी शाळेत जाण्यापूर्वी दार उघडण्याचा रिवाज अनेक घरांत पाळला जातो. भावंडांत एकच दिनदर्शिका असल्यास सम व विषम तारखा वाटून घेतल्या जातात. पुढची दारे गुपचूप उघडून, वडी खाऊन, दार पुन्हा दाबून बसवण्याची मुलांची खोडीही सर्वपरिचित आहे. या वस्तूचे सारे मोल वाट पाहण्यात आहे. बंदोबस्त मात्र केवळ अर्धवट कापलेल्या कागदाचा असल्याने नियम पाळणे हे प्रत्येक मुलाच्या स्वतःच्या निर्धारावर सोपवलेले असते. म्हणून अनेक पालक तिच्याकडे संयमाचा रोजचा छोटा पाठ म्हणून पाहतात.

सार्वजनिक स्वरूपातही ही कल्पना रुजली आहे. जर्मनीच्या काळ्या अरण्याच्या प्रदेशातील गेंगेनबाख गावात १९९६ पासून नगरभवनाच्या २४ खिडक्यांचे रूपांतर दरवर्षी भव्य दिनदर्शिकेत केले जाते. स्वीडनमध्ये १९५७ पासून आकाशवाणीवर व १९६० पासून दूरचित्रवाणीवर नाताळपर्यंत रोज एक भाग याप्रमाणे मुलांसाठी मालिका प्रसारित होतात व त्यांनाही ‘नाताळची दिनदर्शिका’ असेच म्हणतात.

खनिज तेलाच्या अंशांचा प्रश्न

नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘श्टिफ्टुंग वारनटेस्ट’ या जर्मन ग्राहक-परीक्षण संस्थेने २४ चॉकलेट दिनदर्शिकांची प्रयोगशाळेत तपासणी केली. सर्व नमुन्यांतील चॉकलेटमध्ये खनिज तेलाचे अंश आढळले. त्याचा एक महत्त्वाचा स्रोत म्हणजे पुनर्वापरित पुठ्ठा. जुन्या वर्तमानपत्रांच्या शाईतील तेल अशा पुठ्ठ्यात उरते व साठवणुकीत बाष्परूपाने स्निग्ध पदार्थांत शिरते. खनिज तेलातील सुगंधी हायड्रोकार्बन गटातील काही घटक कर्करोगकारक असण्याची शक्यता वर्तवली जाते. मुलांसाठीच्या वस्तूत ते सापडल्याने या निष्कर्षांची मोठी चर्चा झाली. त्यानंतर अनेक उत्पादकांनी नव्या लगद्याचा पुठ्ठा, खनिज तेलविरहित शाई व बाष्परोधक पडदा यांचा वापर वाढवला. पुठ्ठ्याचा पुनर्वापर पर्यावरणास हितकारक असला, तरी अन्नाच्या वेष्टनात तो जसाच्या तसा वापरणे सुरक्षित नसते, हा धडा या प्रकरणातून मिळाला.

कोको, बालमजुरी आणि किंमत

जगातील कोकोच्या उत्पादनापैकी निम्म्याहून अधिक वाटा पश्चिम आफ्रिकेतील कोत दिव्हार (आयव्हरी कोस्ट) व घाना या दोन देशांचा आहे. तेथील शेती प्रामुख्याने अल्पभूधारक कुटुंबांकडे असून उत्पन्न तुटपुंजे असते. शिकागो विद्यापीठाशी संलग्न ‘नॉर्क’ या संशोधन संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१८–१९ च्या हंगामात या दोन देशांत कोकोच्या शेतीत सुमारे १५ लाख ६० हजार मुले बालमजुरीत गुंतलेली होती. कोयत्याने फळे फोडणे, जड ओझी वाहणे, फवारणीच्या रसायनांशी संपर्क येणे अशा धोकादायक कामांचा त्यात समावेश होता. सर्वांत वाईट स्वरूपाची बालमजुरी संपवण्याचा संकल्प मोठ्या चॉकलेट कंपन्यांनी २००१ च्या ‘हार्किन–एंगेल’ करारात केला होता. त्याची मूळ मुदत उलटून गेली, तरी उद्दिष्ट गाठले गेले नाही.

या विषमतेकडे लक्ष वेधण्यासाठी ‘टोनीज चॉकोलोन्ली’ या डच कंपनीने २०२१ च्या आपल्या दिनदर्शिकेत ८ डिसेंबरचा कप्पा हेतुपुरस्सर रिकामा ठेवला. वाटणी समान नसते, हे मुलांशी बोलण्याचे निमित्त मिळावे असा तिचा उद्देश होता. ठरलेल्या क्रमातील बदल ज्यांना त्रासदायक ठरतो, अशा मुलांच्या पालकांनी याबद्दल तक्रारी केल्या व कंपनीने दिलगिरी व्यक्त केली. रिकाम्या कप्प्याने योग्य प्रश्न विचारला, परंतु त्याची किंमत मुलांना मोजावी लागली, असे मत त्या वेळी मांडले गेले.

प्रतिकूल हवामान, झाडांवरील विषाणुजन्य रोग व जुन्या बागांची घटती उत्पादकता यांमुळे कोकोच्या किमती २०२४ मध्ये अभूतपूर्व वाढल्या. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात त्या प्रतिटन १२,००० डॉलरच्या वर गेल्या. त्यापूर्वीच्या दशकात त्या बहुतांशी २,००० ते ३,००० डॉलरच्या दरम्यान होत्या. २०२५ मध्ये त्या पुन्हा बऱ्याच उतरल्या. दरम्यान अनेक चॉकलेट उत्पादनांच्या किमती वाढल्या किंवा वजन घटले. वजनातील अशी घट खोक्याच्या आकारावरून लक्षात येत नाही, म्हणून प्रति १०० ग्रॅम किंमत पाहून तुलना करणे ग्राहकाच्या हिताचे ठरते.

टीका आणि पर्याय

पाश्चात्त्य चर्चमध्ये आगमनकाळ हा मुळात आत्मपरीक्षणाचा काळ असून मध्ययुगात या दिवसांत उपवासही पाळला जात असे. त्याच काळात रोज मिठाई खाणे ही मूळ भावनेची उलटापालट आहे, अशी टीका धार्मिक वर्तुळातून होते. प्रसाधने, चहा, खेळणी, मद्य अशा वस्तूंच्या महागड्या दिनदर्शिका निघू लागल्यापासून व्यापारीकरणाचा आक्षेप अधिक तीव्र झाला आहे. एकदाच वापरल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकचा प्रश्नही उपस्थित केला जातो.

पर्याय म्हणून दरवर्षी भरता येणाऱ्या कापडी पिशव्यांच्या माळा व लाकडी खणांच्या पेट्या वापरल्या जातात. काही उत्पादक प्लॅस्टिकऐवजी कागदी लगद्याचे तबक व न्याय्य व्यापाराचे प्रमाणपत्र असलेला कोको वापरतात. रोज एक वस्तू खोक्यात टाकून २४ तारखेला ते गरजूंना देण्याची ‘उलटी दिनदर्शिका’ ही प्रथाही काही शाळा व चर्चमध्ये पाळली जाते.

भारतात आणि मराठी भाषकांत

भारतीय ख्रिस्ती समाजात या दिनदर्शिकेची परंपरा जुनी नाही. गोव्यात नेवऱ्या, दोदोल, बेबिंका व कुलकुल यांसारखे पदार्थ नाताळनिमित्त घरी करून शेजारीपाजारी पाठवण्याची पद्धत आहे. तेथील गोडाधोडाचा भर वाटून खाण्यावर असतो. चॉकलेट दिनदर्शिका मात्र एकेका मुलाची स्वतःची असते. अलीकडे मोठ्या शहरांतील आयात मालाची दुकाने व स्थानिक चॉकलेट व्यावसायिक यांच्याकडे ती डिसेंबरमध्ये मिळते. मुंबई व कोकण किनाऱ्यावर डिसेंबरातही दुपारचे तापमान ३० अंशांच्या वर जाते. त्यामुळे वड्या मऊ होऊन तबकाला चिकटतात. दिनदर्शिका थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागी आडवी ठेवणे इष्ट असते. शीतकपाटात ठेवायची झाल्यास ती हवाबंद पिशवीत ठेवावी, अन्यथा वडीवर दमट हवेतील पाणी साचते.

जर्मनी, ब्रिटन इत्यादी देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलांना ही दिनदर्शिका शाळा व शेजार यांच्यामार्फत परिचित होते आणि धर्माची अट न ठेवता ती अनेक घरांत आणली जाते. शाकाहारी कुटुंबांनी घटकसूची तपासणे आवश्यक असते. साध्या दुधाच्या चॉकलेटमध्ये सहसा मांसजन्य घटक नसतात. परंतु सारण भरलेल्या प्रकारांत प्राणिजन्य जिलेटिन, चकाकीसाठी लाख (ई ९०४) आणि प्रौढांसाठीच्या प्रकारांत मद्य असू शकते. भारतात विकल्या जाणाऱ्या वेष्टित शाकाहारी खाद्यपदार्थांवर हिरव्या ठिपक्याचे चिन्ह बंधनकारक आहे. युरोपात असे चिन्ह ऐच्छिक असल्याने ते नसणे म्हणजे पदार्थ मांसाहारी असणे, असा अर्थ होत नाही.